थकलेलं तांबं

काल तांब्याची कळशी चिंचेनं घासत होते. त्या आंबट वासानं मला थेट शहाद्यात, रतनमावशींच्या दुकानात नेऊन बसवलं. मावशी तांब्याची भांडी घडवायच्या. ताईच्या लग्नाची कळशी त्यांच्याकडेच करायला टाकली होती, आणि मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची अक्कल घेऊन ती बघायला गेले होते.

मावशी पत्रा ठोकायच्या, भट्टीत लाल करायच्या, गार झाला की पुन्हा ठोकायच्या. मला राहवेना. ठोकलेलं तांबं मजबूत होतं आणि तापवलं की ती मजबुती जाते, हे मी नुकतंच पाठ केलं होतं.

"मावशी, ताईची कळशी न तापवता घडवा. जन्मभर टिकेल."

त्या हसल्या आणि न तापवताच ठोकत राहिल्या. आवाज खणखणीत होत गेला, तशी मी खूश. मग गळा वळवताना टर्रकन चीर गेली. लग्नाला चार दिवस होते. माझा चेहरा पाहून मावशी म्हणाल्या, "तुन्हं पुस्तक खरं शे बेटा, पन तांबं थकी गयं. त्याले शेकनं पडस." शेकायचं म्हणजे भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचं.

दुसरी कळशी वेळेत झाली. ती त्यांनी तापवून तापवून घडवली, पण शेवटचे ठोके गारच दिले, माझ्या पुस्तकाचा मान राखायला.

आता मी लोणखेड्याला कॉलेजात हेच शिकवते. प्रयोगात वाकवून वाकवून तांब्याची पट्टी वाकेनाशी झाली की तोंडातून मावशींचंच वाक्य निघतं. यंदा एका मुलीनं पेपरात लिहिलं, "तांबं थकी जास, त्याले शेकनं पडस." पुस्तकातला एकही शब्द नव्हता. मी पूर्ण मार्क दिले.