परतीचं पाकीट

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी समुद्रपूरच्या पुढे एका गावात शाळामास्तरीण होते आणि चार-सहा ओळींच्या कविता लिहीत होते. वर्ध्याचे एक गृहस्थ घरूनच एक छोटं मासिक काढायचे. मासिक म्हणायचं आपलं. तीन महिन्यांतून एकदा निघालं तरी पुष्कळ. त्यात एक सूचना हमखास छापलेली असे: कविता नापसंत झाल्यास परत हवी असेल, तर स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट सोबत जोडावं.

मी ते इमानेइतबारे जोडायची. म्हणजे नकाराची सगळी तयारी आपणच करून द्यायची!

आमचे पोस्टमनकाका सायकलवरून शाळेतच टपाल आणून देत. माझं अक्षर त्यांच्या ओळखीचं झालं होतं. माझ्याच अक्षरातलं पाकीट माझ्याच नावानं आलं, की काय झालंय ते माझ्याआधी त्यांना कळे. वर्गातली पोरं बघत असायची, म्हणून मी हसून पाकीट घ्यायची. आपलं हसू कुणालाही खरं वाटतं, अशी माझी समजूत होती.

मग पाकिटं यायची थांबली. पहिले काही दिवस मी हवेतच होते. कविता परत आली नाही, त्या अर्थी घेतली! मोठ्या बहिणीला सांगूनही बसले. अंक आला, त्यात माझी कविता नव्हती. आणखी दोनदा पाठवल्या, तरी तेच. तेव्हा मात्र फार लागलं. नकार परवडला, पण माझ्या कविता परत पाठवायच्याही लायकीच्या नसाव्यात? तिकीट तर माझंच होतं! संपादकांना मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या घातल्या आणि वही ट्रंकेत टाकली. पुढे दोन वर्षं एक ओळ लिहिली नाही. दरम्यान ते मासिकही बंद पडलं.

काका निवृत्त झाले, त्या दिवशी शाळा सुटल्यावर भेटायला आले. पिशवीतून तीन पाकिटं काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. तिन्हींवर माझंच अक्षर.

"माफ करजा, बाई. पाकीट देलं का तुमचं तोंड उतरे. मले पाहवत नव्हतं. म्हटलं, राहू द्या माह्याजवळ. फाडलं मातर एकबी नाई."

मी तिथंच पाकिटं उघडली. दोन पाकिटांत नुसत्या कविता होत्या. तिसऱ्यात कवितेच्या कडेला संपादकांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'शेवटच्या दोन ओळी काढा. बाकी कविता फार आवडली. नवी प्रत पंधरा दिवसांत पाठवा, पुढच्या अंकात पान राखून ठेवतो.'

ते वाचून भयंकर संताप आला. ओरडावं, जाब विचारावा, सगळं मनात येऊन गेलं. मान वर केली, तर काका टोपी हातात घेऊन उभेच होते, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखे.

"काय लिवलं हाये जी त्यात?" त्यांनी विचारलं.

मी कागदाची घडी घातली.

"काई नाई, काका," मी म्हटलं. "तिन्ही नापसंतच होत्या. बरं केलं, तुमी देल्या नाई."