फडकं आधी, टोपली नंतर

"फडकं कुनी लावलं रं? टोपल्या रिकाम्या हायत आन् फडकं वर?"

हेमंतच्या आईचा तो आवाज ऐकून वरसावे पुलावरच्या ट्रकवाल्यांनी ब्रेक मारले, हे मी आजही शपथेवर सांगतो. फडकं मीच लावलं होतं. खाडीकाठच्या राई गावात त्यांच्या घरी पहिल्यांदाच गेलो होतो. होडी लागताना दिसली, म्हटलं जरा मदत करावी, आणि दारातल्या बांबूला लाल फडकं बांधून टाकलं. फडकं दिसलं की मासळी टोपल्यांत आली, असा तिथला रिवाज. मासळी अजून होडीतच होती. गिऱ्हाइकं धावत आली, रिकाम्या टोपल्या पाहून त्यांनी मला शिव्यांची लाखोली वाहिली... आणि हेमंत चिखलात बसून हसत होता.

तो हेमंत जाऊन सहा आठवडे झाले. बातमीचा फोन आला तेव्हा डोळ्यांत पाणी यायच्या आधी मनात आलं, आता ऑफिसात सगळ्यात हुशार मीच. इतका जळायचो मी त्याच्यावर.

शांती नगरातल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही दोघं वजनकाट्यांचे प्रोग्रॅम लिहायचो. प्रोसेसरचा एक कोर, म्हणजे त्यातला एक मेंदू, वजन लिहिणार, मग 'तयार' म्हणून फ्लॅग, म्हणजे खूण, वर करणार; दुसरा कोर फ्लॅग बघून आकडा दाखवणार. कोड माझा. जुन्या बोर्डावर वर्षानुवर्षं बिनबोभाट चालला. मग नवा बोर्ड आला आणि कोथिंबिरीच्या जुडीला आधीच्या गिऱ्हाइकाच्या कलिंगडाचं वजन दिसायला लागलं. हजारदा बरोबर, एकदा असं. मी पंधरा दिवस अन्नाला शिवलो नाही. वडापाव मी अन्नात धरत नाही.

"फ्लॅग अ‍ॅटॉमिक आहे," मी हेमंतवर खेकसलो. "अर्धवट लिहिला जाणं शक्यच नाही."

त्यानं चहा संपेपर्यंत कोड वाचला. "अर्धा नाय रे, पुरा जातोय वर. पण दुसऱ्या कोरला तो वजनाच्या आधी दिसतोय. तू ओळी क्रमानं लिहिल्यास म्हणून त्याला त्याच क्रमानं दिसतील, असं कुठं हाय? जुना प्रोसेसर तुझी लाज राखत होता, हा नाय राखत." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "परत फडकं आधी लावलंस."

दोन शब्द टाकले त्यानं. लिहिणाऱ्याकडे 'रिलीज', म्हणजे आधीचं सगळं पोचल्याशिवाय फ्लॅग वर जायचा नाही. वाचणाऱ्याकडे 'अक्वायर', म्हणजे फ्लॅग दिसल्यावरच टोपलीत हात. दोनच शब्द... त्या दोन शब्दांसाठी मी माझी अक्कलदाढ उपटून दिली असती.

साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "चूक कोणी पकडली?" मी म्हणालो, "मी." हेमंत शेजारीच होता. तो बिस्किट खात राहिला. पुढे ती गोष्ट मी इतक्यांदा रंगवून सांगितली, की तिच्यात हेमंत उरलाच नाही. त्याच्या त्या गप्प बसण्यावरही मी जळलो. मला ते सात जन्मांत जमलं नसतं.

परवा राईला गेलो. हेमंतची आई, मी त्यांना मावशी म्हणतो, टोपल्या भरत होत्या. तेच फडकं, उन्हानं गुलाबी पडलेलं, त्यांच्या खांद्यावर होतं.

"मावशी, ती काट्याची चूक हेमंतनं पकडली होती. मी नाही."

"म्हाईत हाय."

"घरी बोलला होता? काय म्हणाला?"

त्यांनी शेवटची टोपली भरली, हात पुसले, आणि फडकं माझ्या हातात दिलं.

"म्हनला, फडकं त्याला लावू दे. टोपली भरल्याली हाय ना."