ठिपक्यांचं दगडफूल

दौंडला माझं मिरची कांडपाचं मशीन आहे. शाळा तिसरीतच सुटली, पण मसाल्याचं दगडफूल निवडावं तर मीच, हे आजही छातीवर हात ठेवून सांगतो. साल, माती, काळे ठिपके पडलेलं पान, काही म्हणून राहू द्यायचो नाही. बायका म्हणायच्या, "मामा, तुमच्याकडं डोळे झाकून टाकावं."

मुलगी शिरूरला तिच्या मामाकडं राहून कॉलेज करायची. एका शनिवारी घरी आली ती पिशवीभर दगडफूल घेऊन. कॉलेजच्या सहलीत घाटातल्या झाडांवरून, खडकांवरून गोळा केलेलं. सोमवारी सरांना दाखवायचं होतं. पेपरावर पसरलं आणि आंघोळीला गेली. म्हटलं, पोरीचं काम आहे, हात लावू. बसून निवडलं, लख्ख केलं. ठिपक्यांचं तेवढं पेटत्या बंबात घातलं.

ती केस पुसत आली. "आप्पा, ठिपक्यांचं कुठं गेलं?"

"खराब व्हतं. बंबात."

"आवो, तेच पाहिजे व्हतं! दगडफूल म्हंजी बुरशी आन् शेवाळ, दोघांचा संसार. ते ठिपके ही तिसरीच बुरशी. दगडफुलावर उगवती, त्याच्याच जिवावर जगती. सरांनी अख्ख्या वर्गात मला एकटीला हा विषय दिलाय."

"मग आधी सांगायचं व्हतं."

"मसाला न्हाई हा, आप्पा!"

हे लागलं. चुकलो म्हणायची मला सवय नाही. चपला घातल्या आणि दुकान गाठलं. कोपऱ्यात निवडलेल्या कचऱ्याचा डबा होता, उकिरड्यावर न्यायचा राहिलेला. तो फरशीवर उपडा केला आणि इतकी वर्षं जे फेकलं तेच शोधायला बसलो.

थोड्या वेळानं ती मागोमाग आली. शेजारी बसली, पिशवीतून भिंग काढलं. मी एक ठिपका नखानं खरवडून बघायला गेलो तर हातावर चापट बसली.

"राहू द्या की त्याला."

दिवस कलेपर्यंत नऊ तुकडे निघाले. मी म्हटलं, "झालं की तुझं काम. घाटातलं म्हणून दे."

"खोटं न्हाई लिहायचं मला." तिनं पुड्या बांधल्या आणि प्रत्येकीवर लिहिलं: ठिकाण, मिरची कांडप, दौंड. गोळा करणाऱ्याच्या जागी माझं नाव. वर सहीपण करायला लावली, नऊच्या नऊ पुड्यांवर.

"सर हसत्याल."

"हसू द्या. त्यांच्यापाशी हाय का एवढं?"

सर हसले म्हणे, पण पुड्या ठेवून घेतल्या आणि आणखी आहे का म्हणून विचारलं.

चुकलो असं मी तिला अजून म्हटलेलं नाही. ठिपक्यांचं दगडफूल मात्र त्या दिवसापासून वेगळ्या डब्यात ठेवत आलो. सासरहून आली की ती आधी तो डबा उघडते, चहा मग.