न दुखणारा पाय

माझ्या बहिणीचा नवरा ओरेस्ट. माणूस बर्फावर उभा राहिला की त्याला कळतो. जमिनीवर मात्र त्याला कुणाचं काही कळत नाही. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या खेड्यापाड्यांत, गोठलेल्या तळ्यांवर हॉकी खेळणारी पोरं हेरून शहरातल्या संघाला द्यायची, हाच त्याचा जन्मभराचा धंदा. टेट लिंडग्रेन हा त्याने स्वतः शिकवलेला, त्याचा लाडका. लहानपणी टेटचा ओठ फाटला, तेव्हा ओरेस्टने पट्टी चिकटवून त्याला परत बर्फावर ढकलला होता. "दुखतंय म्हणायचं नाही. उठायचं." आमच्याकडे पोरांना हेच बाळकडू.

तीन वर्षांपूर्वी अंतिम सामन्यांत टेट मोडक्या पावलात बधिर करायची इंजेक्शनं घेऊन खेळला आणि गोलांवर गोल केले. शहर वेडं झालं. ओरेस्टच्या शब्दावर संघाने त्याच्याशी आठ वर्षांचा करार केला. आता टेटचे गोल आटलेत, पगार तेवढाच आहे. प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला लीगने मर्यादा घातली आहे, आणि टेट त्यात दोन खेळाडूंची जागा अडवून बसलाय. करार कसला, गळ्यातली धोंड.

संघाचा मॅनेजर मर्डॉक रविवारी ओरेस्टकडे जेवायला आला. मीही होतो.

"दक्षिणेतला एक संघ घ्यायला तयार आहे," डार्काने केलेली पिरोगी, बटाट्याची उकडलेली करंजीच ती, तोंडात कोंबत तो म्हणाला, "पण भाकड गाय घ्यायची तर सोबत कालवडही द्या म्हणतात. आपला तो तरुण बचावपटू हवाय त्यांना."

"दुसरी वाट नाही?" ओरेस्टने विचारलं.

"आहे ना. पाऊल कामातून गेलंय, असं टेटने स्वतः डॉक्टरला सांगायचं. त्याला पगार पुरा मिळेल, पण आमच्या मर्यादेत धरला जाणार नाही. घरी बसून पोरं खेळवेल. तुझं ऐकेल तो."

"सांग त्याला," माझी बहीण डार्का म्हणाली. "जिना कठडा धरून चढतो तो. असाच खेळत राहिला तर पांगळा होईल."

"टेट दुखतंय म्हणणार?" मी म्हटलं. "त्याआधी मुका बोलेल!"



दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर आम्ही दोघं त्याला भेटलो. त्याच्या डाव्या पायातला स्केट निघेना. ओरेस्टने गुडघे टेकून तो ओढून काढला. पाऊल सुजून काळंनिळं झालं होतं.

"दुखतंय का रे?"

"छे, कोच."

"दाबू?"

"दाबा की."

ओरेस्टने दाबलं. टेटच्या कपाळावर घाम फुटला, पण तो समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

"एकदा म्हण, टेट. हात जोडतो तुला. फक्त एकदा म्हण."

टेट हसला. "परीक्षा घेताय होय? तुमचा चेला आहे मी, कोच. तुमचं नाव नाही घालवणार."

ओरेस्ट नुसता स्केटची नाडी सोडवत बसला, सुटलेली असूनही.

गुरुवारी मर्डॉकने टेट आणि तो तरुण बचावपटू, दोघांनाही दक्षिणेतल्या त्या संघाकडे धाडलं. विमानतळावर ओरेस्ट बघतोय म्हणून टेट जराही न लंगडता ताठ चालत आत गेला. पुढे वळल्यावर, आपण आता दिसत नाही असं त्याला वाटलं असावं. पण काचेतून आम्हाला दिसला, भिंतीला धरून उभा.

गाडीत बसल्यावर ओरेस्ट म्हणाला, "पोराचं वाटोळं केलं मी."

तसं नाही रे, असं म्हणायला हवं होतं. माझी जीभ रेटली नाही.