स्टिरिओची उजवी बाजू

बाबांचा स्टिरिओ आमच्या महाराजपुरच्या घरात, बैठकीतल्या खिडकीखाली होता. गेल्या सात-आठ वर्षांत त्यातून आवाज आला नव्हता. रेकॉर्डवर ठेवायची सुई झिजली होती आणि तशी सुई आता कुठे मिळत नव्हती. तरी बाबा तो रोज पुसायचे. लाकडी कडांचा रुंद अॅम्प्लिफायर, त्यावर रेकॉर्ड फिरवायची थाळी आणि दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढे उंच दोन स्पीकर. मी चौथीत असताना तो घरी आला. तेव्हा आम्ही राहायचो त्या फॅक्टरीच्या क्वार्टरांच्या ओळीत तसला तो एकटाच होता, त्यामुळे रविवारी सकाळी शेजारपाजारचे लोक आपापली खुर्ची घेऊन ऐकायला यायचे.

बाबा फॅक्टरीत फिटर होते. आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. सुई गेल्यापासून ते गाणी मोबाइलवर ऐकायचे. फोन पेल्यात उभा ठेवायचे, म्हणजे आवाज जरा मोठा यायचा. एका रविवारी मी शहरातल्याच गोरखपूर भागातून त्यांना भेटायला गेले, तर ते स्टिरिओच्या शेजारीच बसून पेल्यातलं गाणं ऐकत होते. ते बघून मी म्हटलं, "बाबा, हा फोन त्या मशीनला जोडला तर?"

"जुडते का?"

"बघू ना."

मी शाळेत विज्ञान शिकवते. तारा, सेल, बल्ब हे माझं रोजचंच. तासाभराचं काम आहे असं मला वाटलं. पहिली अडचण फोनचीच निघाली. त्याला इयरफोनचं भोकच नव्हतं, होतं फक्त चार्जिंगचं. दुसरी अडचण स्टिरिओच्या पाठीमागे. तिथे आजकालच्या पिना लावायची जागा नव्हती, तर गोल खोबणी होत्या आणि प्रत्येकीत अर्धवर्तुळात पाच बारीक भोकं. मी टॉर्च लावून वाकून बघत होते, तेवढ्यात बाबा म्हणाले, "मागं हात नको लावू. काय लागते ते सांग, मी लावतो."

बाबा सहसा असं बोलत नाहीत. पण वयामुळे म्हणाले असतील, असं समजून मी तिकडे लक्ष दिलं नाही. खोबणीचा फोटो काढला आणि निघाले.

गोरखपूर बाजारात मोबाइलच्या दुकानदाराने चार्जिंगच्या भोकातून इयरफोनचं भोक काढणारा बोटाएवढा तुकडा दिला. पाच भोकांचा फोटो बघून मात्र तो हसला. "दीदी, ये हमारे जनम से पहले का है." त्याने मला मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे पाठवलं. हे गृहस्थ आता पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात, पण भिंतीवर अजून रेडिओंचे सांगाडे टांगलेले आहेत. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, खालचा डबा ओढला आणि त्यातून पाच काड्यांचा गोल प्लग काढून माझ्या हातावर ठेवला.

"पाँच में से तीन काम के हैं," ते म्हणाले. "एक बाएँ का, एक दाएँ का, एक दोनों का. बाकी दो रिकॉर्डिंग के लिए, वो बाहर भेजते हैं. उनमें गाना डालोगी तो अंदर जाएगा ही नहीं."

मला हे फारच आवडलं. एकाच खोबणीत आत यायचे आणि बाहेर जायचे रस्ते वेगळे. मी तिथेच स्टुलावर बसून त्यांना कथिलाचा डाग देताना बघत राहिले. त्यांनी गोल प्लगला दोन लहान तारा जोडल्या, एकीच्या टोकाला पांढरी खोबण, दुसरीच्या टोकाला लाल. पांढरी डावी, लाल उजवी. फोनकडून येणारी तार तिथे जोडायची. निघताना त्यांनी बजावलं, "पिकअप लिखा है उसमें मत लगाना."

पुढच्या रविवारी बाबांची वाट न बघता मी नेमकं त्यातच, रेकॉर्डच्या सुईसाठीच्या खोबणीत, लावलं. मागची अक्षरं पुसट झाली होती. फोनवर गाणं सुरू केलं आणि स्पीकरमधून पत्रा फाडल्यासारखा आवाज आला. आई स्वयंपाकघरातून हातात झारा घेऊन धावत आली. "काय करून राहिली तू? घर पाडतेस का?"

बाबांनी बटण बंद केलं होतं. मी कारण शोधत बसले, तेव्हा कळलं की रेकॉर्डची सुई फारच बारीक आवाज पाठवते, म्हणून त्या खोबणीतून आत गेलेला आवाज मशीन शेकडो पटींनी वाढवतं. फोनचा आवाज मुळातच मोठा. कुजबुज ऐकायला कान लावून बसलेल्या माणसाच्या कानात मी ओरडले होते.

दुसऱ्या खोबणीत प्लग लावल्यावर मात्र गाणं आलं. सात-आठ वर्षांनी त्या स्पीकरांतून तबला वाजला. बाबा जागेवरून हलले नाहीत, नुसते बोटांनी मांडीवर ठेका धरून बसले. आई झारा हातात घेऊन दारात उभी राहिली आणि दोन गाणी होईपर्यंत आत गेली नाही.

इथे माझं काम संपायला हवं होतं.

पण इयरफोनच्या भोकाचा तसलाच एक तुकडा मी स्वतःच्या फोनसाठीही घेतला होता, म्हणून त्या आठवड्यात मी इयरफोन लावून बाबांची आवडती गझल ऐकली. तिची रेकॉर्ड मी लहानपणापासून शेकडो वेळा ऐकली होती. पहिला शेर संपला आणि माझ्या उजव्या कानात बासरी वाजायला लागली. आमच्या रेकॉर्डमध्ये ती नव्हती. तिथे नुसता तबला चालायचा आणि सरोद मधून मधून एखादा सूर टाकायचा. मला वाटलं, ही गझल पुन्हा नव्याने वाजवलेली असेल. पण बासरीची धून मला ठाऊक होती. पाठ होती. ती कुठे ऐकली ते आठवायला मला गझल तीनदा लावावी लागली.

ती बाबांची शिट्टी होती. ही रेकॉर्ड लागली की बाबा शेरांच्या मधल्या जागेत हलकी शिट्टी वाजवायचे. आई चिडायची. "एवढी चांगली बाई गाऊन राहिली, अन् तुम्ही मधे मधे शिट्टी काहून वाजवता जी?" बाबा थांबायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा सुरू व्हायचे.

रविवारी मी गझल स्टिरिओवर लावली. बासरी नाही. म्हणजे फोनमध्ये आहे, मशीनमध्ये नाही. मी पाठीमागे जाऊन पांढरी आणि लाल पिन अदलाबदल करून लावली. बासरी आली, दोन्ही स्पीकरांतून, आणि सरोद गायब! पुन्हा आधीसारख्या लावल्या. सरोद आला, बासरी गेली. शाळेत मुलांना दाखवावा इतका स्वच्छ प्रयोग होता. मशीन फक्त एकच बाजू ऐकत होतं आणि तीच दोन्हीकडे वाजवत होतं.

मी टॉर्च घेऊन स्पीकरच्या तारांमागे गेले. उजव्या स्पीकरची तार मशीनच्या उजव्या स्क्रूंपर्यंत पोचतच नव्हती. ती वळून डाव्या स्क्रूंवर गेली होती, तिथे दोन्ही तारा नीट पिळून, वर रबराची नळी चढवून घट्ट बसवल्या होत्या. इतकी सफाई मेकॅनिकच्या कामात नसते. हे फिटरचं काम होतं.

बाबा बाहेर ओट्यावर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन विचारलं, "बाबा, उजवी बाजू कधीपासून बंद आहे?"

त्यांनी आधी घराकडे बघितलं. "दार लोटून घे."

मी दार लोटलं.

"तुझ्या भावाच्या वेळी," ते म्हणाले, "आई तुला घेऊन भंडाऱ्याला गेली होती. मशीन नवीनच आली होती. जाताना आई म्हणाली, फॅक्टरीतली सवय इथं नको, मशीन खोलायला पेचकस लावाल तर याद राखा. मी हो म्हटलं."

"मग?"

"मग ती रेकॉर्ड आणली. रोज संध्याकाळी ऐकायचो, एकटाच. एकीकडून सरोद, एकीकडून बासरी. मला काही समजेना. सुई एक, रेघ एक, अन् आवाज दोन. हे वेगळे कुठं होतात? एखादी जागा असंल ना आत, जिथं एक इकडं जातो अन् एक तिकडं. पाच-सहा दिवस धीर धरला. मग झाकण खोललं."

"बंद करून?"

"चालू ठेवून. बंद मशीनमधे काय दिसणार?" बाबा थोडे हसले. "पेचकस घसरला. ठिणगी उडाली, धूर निघाला. उजवा गेला. मेकॅनिकनं सांगितलं, सामान मुंबईहून येईल, कधी ते माहीत नाही. आई तर आठ दिवसांत येणार होती. मग मी दोन्ही तारा डावीकडं लावल्या. आवाज दोन्हीकडून येऊन राहिला होता. कोणाला काय समजते?"

"आणि शिट्टी?"

"ती जागा रिकामी लागायची ना. तुम्हाला माहीत नव्हतं तिथं काय आहे. मला माहीत होतं."

मला त्यांची कीव आली आणि हसूही आलं. इतकी वर्षं माझेही कान त्या अर्ध्या गाण्यावर खूश होते, हेही मनात आलं. बाबांचा प्रश्न मात्र तसाच होता. मी फोनवर शोधलं आणि वहीत काढून दाखवलं. रेकॉर्डची रेघ ही इंग्रजी व्हीसारखी खाच असते. एका उतारावर डावा आवाज कोरलेला, दुसऱ्या उतारावर उजवा. सुई दोन्ही उतारांना एकदम घासत जाते. आवाज मशीनमध्ये वेगळे होत नाहीत, ते आधीच वेगळे असतात.

बाबांनी वही जवळ घेतली, खाचेवरून बोट फिरवलं. "म्हणजे ते सुईपाशीच होतं? मी डबा उगाच खोलला?"

"उगाच."

"लेन्स लावून रेघ पाहायला पाहिजे होती," ते म्हणाले, आणि या चुकीचं त्यांना ठिणगीपेक्षा जास्त वाईट वाटलेलं दिसलं.

मशीन दुरुस्त करायचं ठरलं. मी ऑटो बोलावली, तेव्हा आईने विचारलं, "चालू तर आहे. काहून नेऊन राहिली?" मी बाबांकडे बघितलं. काहीतरी जुळवून सांगायची माझी तयारी होती. पण बाबाच म्हणाले, "अर्धीच चालू आहे." आणि ऑटोवाला दारात उभा असताना त्यांनी तिला सगळं सांगितलं.

आई खुर्चीवर बसली. "मी दवाखान्यात, अन् तुम्ही इथं पेचकस घेऊन."

"हो."

"अन् मी आल्यावर विचारलं होतं, हात तर नाही लावला?"

"विचारलं होतं."

आई मशीनकडे बघत म्हणाली, "मी तुम्हाला शिट्टीसाठी किती बोलली. लोकांसमोर बोलली. तेव्हा तरी सांगायचं." त्या दिवशी तिने बाबांना चहा दिला तो कप समोर ठेवून, हातात नाही.

म्हाताऱ्या मेकॅनिकने मशीन तीन आठवडे ठेवून घेतलं. झाकण काढून मला आतली काळी पडलेली जागा दाखवली. दोन ट्रान्झिस्टर जळलेले होते. "इतने साल एक टाँग पे चला है ये," ते म्हणाले, आणि ज्याने तारा जोडल्या त्याचा हात चांगला आहे, असंही म्हणाले. मी बाबांना ते आठवणीने सांगितलं.

मशीन परत आलं त्या रविवारी मी दोन्ही स्पीकर आपापल्या स्क्रूंना जोडले. आई पदराला हात पुसत येऊन मधोमध बसली, बाबा तिच्या शेजारी. गझल सुरू झाली. डावीकडून सरोद, मधे गाणारीचा आवाज, आणि शेर संपताच उजवीकडून बासरी. आईने मान तिकडे वळवली, जसं कुणी दारातून आत आल्यावर वळवावी. बाबा शिट्टी न वाजवता ऐकत होते. गझल संपल्यावर आई म्हणाली, "शेवटी बासरी वर जाते. तुम्ही खाली न्यायचे."

"मी पण वरच न्यायचो."

"नाही जी. खाली. मला पाठ आहे."

खात्री करायला गझल पुन्हा लावली. मधेच ती थांबली आणि दोन्ही स्पीकरांतून फोनची घंटी इतक्या जोरात वाजली की आई दचकून उभी राहिली. नागपूरहून माझ्या भावाचा फोन होता, तो भंडाऱ्याला जन्मलेला. मी उचलला, तर त्याचा आवाज सगळ्या बैठकीत भरला. "हॅलो? काय करून राहिले तुम्ही सगळे? आवाज कसा येऊन राहिला?"

आई स्पीकरकडे तोंड करून त्याला जेवलास का विचारायला लागली. बाबा उठले, आधी डाव्या स्पीकरला कान लावला, मग चालत जाऊन उजव्या स्पीकरला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "याचा आवाज दोन्हीकडून सारखाच येते. हा काहून वेगळा होत नाही?"

मी सांगितलं की त्याच्या फोनला बोलायचं भोक एकच असतं. बाबांनी मान हलवली, आणि हत्यारांच्या पेटीतून लेन्स काढून माझ्या फोनच्या खालच्या कडेवर ते भोक शोधायला लागले.