खाणीवरची येळवस

आमचे आबा दिवसा घरात सापडायचेच नाहीत. माझे हे आजोबा जन्मभर दगडाच्या खाणीवर होते, नळदुर्गच्या रस्त्यालगतच्या माळावर. आठवडाभर घण आणि पहार. सुट्टीला तरी माणूस अंथरुणात लोळेल की नाही? पण आबा सुट्टीलाही उजाडायच्या आत उठून त्याच माळावर भटकायला जायचे. येताना टॉवेलात बोरं असायची, नाहीतर बोरी नदीतले मासे. एकदा तर अख्खं मोहोळ, आणि सोबत सुजलेला कान. आजी म्हणायची, "खाणीनं सोडलं की माळ धरतोय ह्यांना." आबांचं उत्तर ठरलेलं होतं. "घर झोपायला असतंय. दिवसा घरात बसून काय भिंतीचं तोंड बघायचं?"

घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तरी आबांचं सगळं आयुष्य मला लिहिता येईल, असं वाटत नाही. एका येळवशीबद्दल मात्र सांगता येईल.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, आमच्याकडचा ऐन थंडीतला सण. त्या दिवशी ज्याचं त्याचं घर आपापल्या शेतात कडब्याची खोप घालतं, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतं आणि पिकावर आंबील शिंपडतं. मग वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून डाळी-भाज्यांची घट्ट भज्जी आणि बाजरीचे वाफवलेले उंडे खायला बसवतं. गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. आम्हाला शेत नाही. त्यामुळे आम्ही दरवर्षी बापूंच्या शेतात. बापू म्हणजे आबांचे लहानपणापासूनचे दोस्त. त्यांचं शेत माळाच्या अगदी पायथ्याशी आहे. बापू पोट फुटेस्तोवर वाढायचे.

आबांचं खाणीवरचं काम सुटलं त्या वर्षी मात्र ते म्हणाले, "जन्मभर दुसऱ्याच्या खोपीत जेवलो. एकदा तरी माझ्या खोपीत लोकांनी जेवावं."

"आन् खोप घालताव कुठं, डोक्यावर?" आजीनं विचारलं.

"खाणीवर."

आबांची जुनी खाण तेव्हा बंद पडली होती. माळाच्या पलीकडच्या अंगाला नवी चालू होती. जुन्या खाणीच्या काठावर गवत आणि चार बाभळी, बाकी सगळा कातळ. आबा बापूंकडं कडबा मागायला गेले, तेव्हा मीही सोबत होते. बापू हसून हसून खाली बसले.

"दगडावर आंबील शिंपून काय उगवणार हाय रं? खडी?"

"उगवली तर तुलाच देतो. घर बांधायला घे."

"कडबा ने लागंल तेवढा. पण भरला सण सोडून तिकडं वर कोण चढतंय? दुपारी उपाशी खाली येशील. तुझं ताट झाकून ठेवतो बघ."

आबा तिथं हसले. घरी येताना मात्र दोनदा मागं वळून माळाकडं बघितलं. कुणी आलंच नाही तर, हे त्यांच्याही मनात आलं असणार.

दुसऱ्या दिवसापासून ते पांडव घडवायला बसले. लोक शेतातलेच पाच दगड उचलतात, चुना फासला की झालं. आबांना ते कसं पटावं? टाकी-हातोडा घेऊन त्यांनी काळे दगड असे गुळगुळीत केले की आजी म्हणाली, "हे पांडव हायेत का वरवंटे? सण झाला की त्यो भीम मला मसाला वाटायला द्या."

येळवशीच्या दिवशी आम्ही पातेली डोक्यावर घेऊन वर गेलो. आजीनं अर्ध्या गावाला पुरेल एवढी भज्जी केली होती. खोप उभी राहिली, पूजा झाली, आबांनी आंबील गवतावर, बाभळींवर आणि उरलेली कातळावर शिंपडली. वरून सगळं शिवार दिसत होतं. शेताशेतात खोपी, चुलींचा धूर, लांब हायवेवरचे ट्रक. आमच्याकडं कुणी मान वळवूनही बघत नव्हतं.

ऊन डोक्यावर आलं. आबा दोनदा पातेल्यावरचं झाकण उघडून बंद करून आले.

"बोलवावं लागंल," ते म्हणाले. खांद्यावरचा लाल टॉवेल काढला, काठावरच्या सगळ्यात उंच दगडावर चढले आणि टॉवेल फिरवत हाळी दिली. काय आवाज होता त्यांचा!

खाली एकदम गडबड उडाली. बायकांनी लेकरं कडेवर घेतली. कुणी बैल सोडले. बापूंच्या घरच्यांनी तर भज्जीचं पातेलं उचललं आणि सगळे शेताच्या पार टोकाच्या विहिरीकडं पळत सुटले.

"आबा, लोक पळायलेत," मी म्हणाले.

"ऐकू आलं नसंल." आबांनी आणखी जोरात हाळी दिली. लोक आणखी जोरात पळाले.

आजी पोट धरून हसायला लागली. "आवो, त्यो टावेल खाली घ्या आधी! सुरुंग उडवायच्या आधी दुसरं काय करत होताव?"

खरंच की. इतकी वर्षं सुरुंग लावला की ह्याच दगडावरून, असंच लाल फडकं फिरवत, ह्याच आवाजात लोकांना लांब पळायला सांगायचं काम आबांचंच होतं. अख्ख्या शिवाराला त्या आवाजानं पळायचं वळण लागलेलं.

आबा टॉवेल हातात घेऊन मटकन खाली बसले. सुरुंग काही उडेना, तसे थोड्या वेळानं काठी आपटत बापू वर आले, लालबुंद होऊन. "सणाला बी नव्या खाणीचा सुरुंग? पांडवास्नी जेवू तरी द्या की रं!"

मग त्यांना खोप दिसली. पातेली दिसली. आबांचं तोंड दिसलं. डोक्यावरची पांढरी टोपी काढून बापू दगडावर चढले आणि टोपी हलवत ओरडले, "पळू नगा रंऽ! जेवायला बोलवायलंय येडंऽ!"

शिवार वर चढायला लागलं. म्हातारी माणसं धापा टाकत आली, पोरं पुढं पळत आली. वाढून वाढून माझे हात दुखले. पातेली खरवडून झाली, तेव्हा कळलं की आबा जेवायचेच राहिलेत.

आबा बापूंना म्हणाले, "माझं ताट झाकून ठेवलंयस म्हणला होतास न्हवं? आण की मग इकडं."

बापूंनी खरंच ते खालून मागवलं. आबा खोपीसमोर बसून निवांत जेवले.

गेल्या पावसाळ्यात आबा गेले. ह्या येळवशीला खोप घालायची की नाही, घरात ठरलं नव्हतं. सकाळीच बापू डोक्यावर कडबा घेऊन दारात आले. "खोप वरच घाला," एवढंच म्हणाले.

दुपारी मी लाल टॉवेल घेऊन त्या दगडावर चढले. माझा आवाज आबांसारखा नाही, मी नुसता टॉवेल फिरवला. खाली बापूंच्या घरच्यांनी पातेलं उचललं आणि सगळे विहिरीकडं पळत सुटले. शेजारच्या शेतातलेही पळाले. त्यांचं हसणं वरपर्यंत ऐकू येत होतं. विहिरीपाशी पोचून सगळे वळले आणि माळ चढायला लागले. सगळ्यांच्या पुढं बापू होते, हातात झाकलेलं ताट घेऊन.