पेट्रोलचा वास

मी काळजी करणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला शहाणपण शिकवायला नको. पांढुर्ण्यात आमच्या गल्लीत माझी तशी ख्यातीच आहे. पोरीला यायला जरा उशीर झाला की मी गेटात उभी. नवरा म्हणतो, "शाळेत तू अर्धा दिवस नोकरी करते, काळजीची नोकरी मात्र पूर्ण दिवसाची."

पण आमच्या गाडीबद्दलची काळजी उगाच नव्हती. नवऱ्याचं ऑफिस सौंसरला आणि पोरीचं कॉलेजही तिथेच. रोज सकाळी दोघं आमच्या जुन्या पेट्रोल गाडीतून निघतात आणि संध्याकाळी सोबत परत येतात. माझं सगळं जग त्या दोन सीटांवर बसून जातं आणि मी इथे फळ्यावर बेरीज-वजाबाकी लिहीत असते. अशात ती गाडी कुरकुरायला लागली. सुरू व्हायला वेळ, मग काळा धूर, ॲक्सिलेटर दाबला की ठसका. एकदा तर मोहगावच्या अलीकडे भर रस्त्यात बंद पडली.

नवऱ्याने निदान केलं की रेग्युलेटर गेला. इंजिनाकडे जाणाऱ्या पेट्रोलचा दाब सांभाळणारा डबीएवढा भाग असतो तो. मूळ कंपनीचा मिळेना म्हणून त्याने नागपूरहून बाहेरचा आणला. निळाशार रंग, वर काट्याचं मीटर, दाब कमीजास्त करायला डोक्यावर स्क्रू. मला बघूनच भरवसा वाटला नाही. साधासुधा होता तो इतकी वर्षं चालला, हा एवढा नटूनथटून कशाला आलाय?

"मिस्त्रीकडे देऊन द्या ना," मी म्हटलं.

"मिस्त्रीले काय दोन हात जास्त आहेत?"

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. गाडीची कामं तो घरीच करतो आणि चांगली करतो. क्लच जळतोय की ऑइल गळतंय, हे तो पूर्वी बोनेट उघडायच्या आधी नाकानेच ओळखायचा.

रविवारी त्याने काम काढलं. पोर तिगावला मावशीकडे गेली होती, ते मला बरंच वाटलं. त्याने पेट्रोलच्या पंपाचा फ्यूज काढला आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची तार सोडली. मी रेतीची बादली आणून जवळ ठेवली. तो हसला. "यज्ञ आहे का इथं?" मी बादली हलवली नाही.

जुना भाग निघाला, नवा बसला. एक नळी इंजिनाकडून आत, एक टाकीकडे परत, आणि हवेची एक बारीक. फ्यूज आणि बॅटरीची तार परत जोडल्यावर गाडी सुरू झाली. बारीक नळी काढून त्याने स्क्रू फिरवला, काटा हवा तिथे आणला, नळी परत लावली. इंजिन असं गुळगुळीत चालत होतं की मलाही क्षणभर बरं वाटलं. आणि मग मला वास आला.

"अहो, पेट्रोलचा वास येऊन राहिला."

"काही नाही. मघाशी थोडं सांडलं होतं."

"सांडलेल्याचा नाही. हा ताजा आहे."

"तुले तर झोपेतही वास येते," तो म्हणाला आणि काट्याकडे बघत बसला. मी नळीवर वाकले तर चालत्या इंजिनाच्या थरथरीत काही दिसेना, पण वास मात्र डोळ्यांत चुरचुरायला लागला होता. इतका वास भसाभसा येतोय आणि हा माणूस हट्टाला पेटलाय, याचा मला भयंकर राग आला.

तेवढ्यात शेजारच्या मावशी आल्या. आम्ही बौद्ध, आमच्याकडे गाडीला ओवाळायची रीत नाही. पण गल्लीत कोणाकडे सायकल जरी आली तरी मावशींचं ताट तयार असतं, आणि त्यांना नाही म्हणायची आमच्यात कोणाची छाती नाही. ताटात कुंकू, लिंबू आणि पेटलेलं निरांजन.

"नवीन सामान बसवलं म्हणते ना बाप्पा? ओवाळून देतो एकदा."

"या ना मावशी," नवरा म्हणाला आणि बोनेटपासून बाजूला सरून त्यांना जागा करून दिली.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. मावशींचा हात धरून मी त्यांना जवळजवळ ढकलतच गेटाबाहेर नेलं. निरांजन खाली पडलं आणि विझलं. मावशी रडवेल्या झाल्या. मी परत आले तेव्हा त्याने गाडी बंद केली होती. मी तोंड उघडणार, तर तो माझ्याकडे बघत हळूच म्हणाला,

"खरंच वास येऊन राहिला का?"

तो चिडवत नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मग त्याने सांगून टाकलं. साथीच्या तापात घरात सगळ्यांचं नाक गेलं, कशाचाच वास येईना, तसं त्याचंही गेलं होतं. आमचं परत आलं, त्याचं आलंच नव्हतं. आज येईल, उद्या येईल म्हणत त्याने कोणालाच सांगितलं नाही. मी समोर ठेवीन ते तो 'मस्त' म्हणत जेवत राहिला आणि मी त्याला हट्टी समजत राहिले. त्याच्या अंगावर ओरडावं की त्याला जवळ घ्यावं, मला कळेना.

गळती सापडली. नळीचा एक जुना तुकडा त्याने परत वापरला होता. तो कडक होऊन क्लॅम्पखाली चिरला होता आणि दाब आला की पाझरायचा. त्याने नवा तुकडा कापून बसवला. मी चिंधीने सगळं पुसलं. गाडी पुन्हा सुरू केली. आता तो काट्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता. आजवर माझ्या भीतीला घरात कोणी विचारलं नव्हतं आणि आता माझ्या एका शब्दावर गाडी रस्त्यावर जाणार होती. या विचाराने मला जास्तच धडकी भरली. त्यात माझ्या हातांनाच पेट्रोलचा वास, साबणाने घासले तरी जाईना. गाडीचा कोणता आणि माझा कोणता, मला सांगता येईना.

"पोरीले सांगा," मी म्हटलं. "संध्याकाळी सौंसरहून निघताना मी नसते. तिथं वास कोण घेईल?"

"तिले नको सांगू. बापाच्या गाडीत बसायले घाबरेल ती."

"मग गाडी उद्या निघणार नाही."

रात्रभर मी हात हुंगत पडून होते. सकाळी पोर तिगावहून आली, बॅग घेऊन गाडीपाशी उभी राहिली. नवरा चावीशी खेळत कसंबसं म्हणाला, "बेटा, काल पेट्रोलची नळी गळत होती, मले समजलं नाही. मले वास येत नाही."

"मले माहीत आहे बाबा."

"तुले कसं माहीत?" त्याने विचारलं.

"कॉलेजजवळ प्लास्टिक जळून राहिलं होतं, मी नाक दाबून बसली होती आन तुम्ही काच खाली करून मजेत बसले होते. तेव्हाच समजलं. म्हणून तर मी रोज बसायच्या आधी वास घेत गाडीला चक्कर मारतो. तुमाले वाटते मी फोनवर बोलून राहिली."

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुले सांगितलं असतं तर तू झोपली असती का?"

घरातली सगळी काळजी एकटी मी वाहते, असा माझा गर्व होता. माझी पोर ती कधीची वाहत होती, आणि त्यातून मलाच वगळून. मला वाईट वाटलं.

तिने बॅग सीटवर टाकली, गाडी सुरू करून बोनेट उघडायला लावलं आणि नव्या नळीवर वाकून बराच वेळ वास घेतला.

"काही नाही आई," ती म्हणाली. "तू जाय, शाळेले उशीर होईल."